दुसरा टर्बो काऊन गेला

आमच्या जीपचा पहिला टर्बो गेला तेव्हा टर्बो म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. दुसरा गेला तेव्हा मी मेहकरच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही नीट माहीत नव्हतं. इंजिनाला जास्तीची हवा पुरवणारा तो गोगलगाईच्या आकाराचा लोखंडी भाग आहे, तो बिघडला की गाडी निळा धूर सोडते आणि चढावर दम टाकते, एवढंच ऐकून होते. आणि आणखी एक गोष्ट माहीत होती. बाबांनी घरात सांगून टाकलं होतं, "आता तिसरा बसवतो. हाबी गेला तं गाडी भंगारात, अन मी जालन्याले टँकरवर."

जालन्याकडे रस्त्याचं मोठं काम चाललं होतं. तिथल्या एका ठेकेदाराला पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर हवा होता. राहणं तिकडेच, तंबूत. घरी यायचं ते सणावारालाच. बाबांनी त्याला दिवाळीतल्या गुरुवारी सांगतो म्हणून कळवलं होतं. टँकरचं नाव निघालं की आईच्या हाताखालची भाकर उगीच जास्त वेळ थापली जायची.

जीप जुनीच आहे. मी शाळेत असताना बाबांनी ती एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. चारही चाकांना जोर जाणारी, मागे समोरासमोर दोन बाकं, वर ताडपत्री. आमचं गाव लोणारपासून बरंच आत आहे आणि गावाजवळचा रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात त्या मातीत ट्रॅक्टरसुद्धा रुतून बसतो. अशा दिवसांत शाळेतले गुरुजी, दवाखान्यात न्यायची बाळंतीण, सोयाबीनची पोती, सगळं बाबांच्याच जीपमधून जातं. शिवाय दर गुरुवारी गावातल्या बायकांना घेऊन बाबा शेगावला जातात, दर्शनाला. त्यामुळे आसपासच्या गावांत तिला कोणी जीप म्हणत नाही, 'गुरुवारची गाडी' म्हणतात.

आमच्या गावाहून मेहकरला जाताना वाटेत एक खिंड लागते. चढ फार मोठा नाही, पण उभा आहे. दिवाळीच्या आधी जीपला तो चढ झेपेना. बाबा पहिल्या गियरवर घ्यायचे, मागे निळ्या धुराचा पडदा, आणि अर्ध्यावर इंजिन नुसतं ओरडायचं. मग पुरुष माणसं उतरून गाडी लोटायची, आणि गुरुवारी बायकाही उतरून चालत वर जायच्या. एकदा मीही जीपमध्ये होते. उतरलेल्यांपैकी एक जण खिडकीशी येऊन म्हणाला, "काय हो, लोटायची मजुरी भाड्यातून कापून घ्यान ना?"

सगळे हसले. बाबाही हसले. पण मेहकरला त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

मेहकरला बायपासवर ज्या मिस्त्रींचं टिनाचं शेड आहे, दुसरा टर्बो त्यांनीच बसवला होता. बाबांच्याच वयाचे आहेत. बोलायला लागले की थांबत नाहीत. आपल्या कामाचा त्यांना फार अभिमान, आणि तो ते लपवत नाहीत. माझं हॉस्टेल तिथून चालत जाण्याइतकं जवळ. बाबा जीप तिथे घेऊन आले आहेत असं कळलं, तेव्हा प्रॅक्टिकल संपवून मी तिकडे गेले. बाबांना सोबत म्हणून गेले असं मी स्वतःला सांगितलं, पण मला तो भाग उघडलेला पाहायचाही होता.

मी पोचले तेव्हा दोघांचं आधीच वाजलेलं होतं.

"तिसरा बसवा न बाप्पा, मी कुठं नाही म्हणून राह्यलो," बाबा म्हणत होते.

"बसवतो. पण दुसरा काऊन गेला ते कळल्याबिगर नाही."

"अहो मिस्त्री, तुम्ही काय सरकारी डॉक्टर हा का पोस्टमॉर्टेम करायले?"

"डॉक्टर नाही, पण पेशंट माह्या हातचा हाये. माह्या हातचं काम असं वापस येत नाही भाऊ. उद्या तिसराबी असाच गेला तं तुम्ही चौकात सांगान, त्या मिस्त्रीनं बुडवलं."

बाबांनी ते खरंच सांगितलं असतं.

टर्बो उतरवून एका जुन्या गोणपाटावर ठेवला होता. मला वाटलं होतं त्याहून तो लहान होता, दोन ओंजळींत मावेल एवढा. मी वाकून पाहत होते ते मिस्त्रींनी पाहिलं.

"ही कोण? पोरगी का?"

"हाव. सायन्सले हाये," बाबा म्हणाले. हे वाक्य बाबा कुठेही उच्चारतात, पेट्रोल पंपावरसुद्धा, आणि दर वेळी मला पाय कुठे ठेवावेत ते कळत नाही.

"मग बस की इथं. पाह्य, पण हात काळे होतीन."

मी बसले. मिस्त्रींनी दोन्हीकडची गोल कवचं काढली. आत एक बारीक दांडी होती. तिच्या एका टोकाला जाड लोखंडाचं, काजळी धरलेलं चक्र, आणि दुसऱ्या टोकाला चांदीसारख्या पातळ पात्यांचं चक्र. मी विचारलं, हे कशानं फिरतं. मला वाटलं होतं की पट्टा असेल, फॅनला असतो तसा.

"धुरानं," मिस्त्री म्हणाले. "इंजिनातून जो धूर भायेर पडते ना, तो इकडून जोरात येते अन या काळ्या चाकाले फिरवते. एकाच दांडीवर दोन्ही चाकं. हे फिरलं का ते फिरते, अन ते भायेरची साफ हवा आत ओढते. जितकी गाडी जोर करीन तितका धूर, जितका धूर तितकी हवा."

म्हणजे इंजिन जी हवा टाकून देतं, तिच्याच जोरावर नवी हवा आत येते. मला हे फार आवडलं. आमच्या पुस्तकात इंजिनाच्या आकृत्या होत्या, पिस्टन होते, बाण होते, परीक्षेत मी त्या नीट काढल्याही होत्या. पण टाकून दिलेल्या गोष्टीकडून कोणी असं काम करून घेत असेल हे मला सुचलं नव्हतं. मी विचारलं, हात लावू का.

"लाव. आता काय बिघडून राह्यलं त्याचं."

मी दांडीचं टोक बोटानं ढकललं. ती खडखड हलली. मिस्त्री म्हणाले, नव्याची दांडीही जराशी हलते, पण ते नखाला कळतं, डोळ्याला दिसत नाही. ही तर माझ्या डोळ्यांदेखत इकडून तिकडे जात होती. त्या हलण्यामुळे पाती कवचाला घासली होती आणि तेल दोन्हीकडे गळत होतं. तेच तेल जळून निळा धूर व्हायचा.

"झिजला, हे तं कळलं," बाबा म्हणाले. "मग आता नवा टाका."

"झिजला नाही. झिजवला," मिस्त्री म्हणाले. "कोनं, ते पाहू."

पुढचा तास मला अजून आठवतो. मिस्त्री एकेक संशय घेत होते आणि एकेक सोडून देत होते. पहिला संशय धुळीवर. आमच्याकडची माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. हवेची जाळी फाटली असेल तर ती धूळ आत जाऊन पातळ पात्यांच्या कडा खाते. त्यांनी मला त्या कडांवरून बोट फिरवायला लावलं.

"कशी लागते?"

"धारदार."

"धूळ गेली असती तं बोथट झाली असती. म्हणजे धूळ नाही."

दुसरा संशय तेलावर. स्वस्तातलं तेल घातलं का, वेळेवर बदललं का. यावर बाबा चिडले, कारण इंजिनातलं तेल ही त्यांची दुखरी जागा आहे. ते स्वतःच्या चपला वर्षानुवर्षं बदलत नाहीत, पण तेल वेळेवर बदलतात. मिस्त्रींनी दांडी फडक्यानं पुसून उजेडात धरली. खराब तेलानं बारीक ओरखडे पडतात, ते नव्हते. त्याऐवजी दांडीचा मधला भाग निळसर जांभळा झाला होता, आणि जिथे ती टेकते तिथे कोळशासारखा काळा, कडक थर बसला होता. तेल आणणाऱ्या बारीक नळीत त्यांनी तार घातली, तर तारेबरोबर काळी खरपुडी बाहेर आली. दुधाच्या पातेल्याच्या बुडाला लागते तशी.

"हे घासलेलं नाही," मिस्त्री सावकाश म्हणाले. "हे जळालेलं हाये."

तेल जळतं कधी, हे त्यांनी मला सांगितलं, पण ते बाबांकडे बघून सांगत होते. गाडी चढ चढून येते तेव्हा धुराकडचं चक्र लाल होईपर्यंत तापतं आणि कल्पनेपलीकडच्या वेगानं फिरत असतं. त्या दांडीला सांभाळून असतं ते फक्त वाहतं तेल. तेल वाहतं इंजिनाच्या जोरावर. इंजिन बंद केलं की तेल थांबतं, चक्र मात्र लगेच थांबत नाही. ते तसंच तापलेलं, तसंच फिरत राहतं, आणि नळीत अडकलेलं तेल जागेवरच करपतं.

"म्हणून चढ चढून आलं, लांबून आलं, का दोन मिनिटं गाडी तशीच हळू चालू ठेवायची, अन मगच चाबी. दुसरा बसवला तेव्हा मी भाऊले सांगतलं होतं."

"अन मी तसंच करतो," बाबा म्हणाले.

"नाही करत."

"करतो म्हणतो न. ष्टँडवर लोकं उतरून जातात, मी एकटा बसून राह्यतो. लोकं हासतात मले, म्हणतात डिझल का जास्त झालं."

"मग हे काय, माह्या घरून आणून टाकलं म्या?" मिस्त्रींनी ती काळी खरपुडी तळहातावर धरली. "भाऊ, खोटं बोलून राह्यले तुम्ही."

बाबा उठले. चेहऱ्यावर राग नव्हता, ते फक्त उठले आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे चालू लागले. बाबा खोटं बोलत नव्हते. मी स्टँडवर किती तरी वेळा त्यांच्यासोबत त्या दोन मिनिटांसाठी बसलेली आहे. आणि मिस्त्रीही खोटं बोलत नव्हते, कारण खरपुडी समोर होती. दोघंही खरं बोलत असतील तर मधे काहीतरी तिसरं आहे, असा विचार करत मी त्या निळ्या दांडीकडे पाहत राहिले, आणि मग मला खिंडीचा उतार आठवला.

खिंडीच्या अगदी माथ्यावर, रस्त्याच्या कडेला, एका महाराजांची छोटी समाधी आहे. चढ चढून जीप माथ्यावर आली की बाबा चाबी फिरवतात. इंजिन गप्प होतं. गियर काढलेला असतो. जीप नुसत्या उतारावर, आवाज न करता, समाधीसमोरून खाली जाऊ लागते. बायका बोलणं थांबवून हात जोडतात. टायरचा आवाज, वाऱ्याची ताडपत्रीवरची फडफड, बस. खालच्या वळणाआधी बाबा पुन्हा गियर टाकून क्लच सोडतात, इंजिन दचकून जागं होतं आणि बायका पुन्हा बोलू लागतात. जाताना असंच आणि येतानाही असंच. लहानपणी मी त्या शांततेची वाट पाहायचे. गुरुवारच्या गाडीत बसायचं म्हणजे तो उतार आलाच, असं गावात सगळ्यांना वाटतं. बाबांच्या मनात ते गाडी बंद करणं नाहीच. तो नमस्कार आहे. त्यामुळे मिस्त्रींनी कितीही विचारलं असतं तरी बाबांना तो आठवला नसता.

आणि तो नमस्कार नेमका चढ संपल्याबरोबर व्हायचा, चक्र सगळ्यात जास्त तापलेलं असायचं तेव्हा.

हे मिस्त्रींना सांगावं असं आधी वाटलं. ते समोरच होते आणि त्यांना लगेच पटलं असतं. पण बाबांच्या माघारी, परक्या माणसाजवळ, बाबांचा नमस्कार चुकीचा आहे असं मी सांगायचं, हे मला जमेना. मी हात पुसले आणि टपरीकडे गेले. बाबांनी माझ्यासाठीही चहा सांगितला. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. त्यामुळे मी काहीही सांगायला लागले की ते शिकवल्यासारखं होईल याची मला कायम भीती वाटते. बाबांना तसं कधी वाटत नाही, पण मला वाटतं.

"बाबा, खिंडीत आपण चाबी फिरवतो ना," मी म्हणाले.

"हाव."

"तेव्हा चढ नुकताच संपलेला असतो."

बाबांनी बशीत चहा ओतला होता. तो त्यांनी तसाच धरून ठेवला.

"ते तं हात जोडणं हाये," ते म्हणाले.

"हो. पण तेल थांबतं ना बाबा."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. एक एसटी हॉर्न देत गेली. चहा पिऊन झाला तरी बशी त्यांच्या हातातच होती.

"माह्या उस्तादानं शिकवलं मले ते," थोड्या वेळानं बाबा म्हणाले. "त्याच्याजवळ मी गाडी शिकलो. तो म्हणे, तिथं मशीनचा आवाज न्यायचा नाही. त्याची गाडी आयुष्यभर चालली. काही नाही झालं तिले."

उस्तादांना मी पाहिलं नव्हतं, पण बाबा त्यांचं नाव घेताना अजून कानाला हात लावतात. बाबा उठले, रस्ता ओलांडून शेडमध्ये गेले आणि मिस्त्रींना सरळ सांगून टाकलं. खिंड, समाधी, चाबी, सगळं. मी मागे उभी होते. मिस्त्री हसतील अशी मला भीती होती. ते हसले नाहीत. हातातलं फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं.

"उस्तादाची गाडी कोणती होती?"

बाबांनी सांगितलं. जुन्या बांधणीची, साध्या इंजिनाची जीप.

"तिले टर्बो होता का?"

"नोता," बाबा म्हणाले.

"मग तिले काय होणार होतं? उस्ताद बरोबरच होता. गाडी बदलली, भाऊ." आणि मग म्हणाले, "खोटं बोलले म्हणलं म्या, ते सोडून द्या."

"म्याबी तं ष्टँडचंच धरून बसलो होतो," बाबा म्हणाले, आणि तिथं ते भांडण मिटलं.

पूर्ण नवा टर्बो घ्यायची गरज पडली नाही. बाहेरची कवचं धड होती. मधला भाग, दांडी आणि दोन्ही चक्रांसकट, ज्याला मिस्त्री कोर म्हणतात, तेवढा अकोल्याहून मागवला. तो खोक्यात घालून एसटीनं आला आणि मी कॉलेज सुटल्यावर तो बसवताना पाहायला गेले. तेल आणणारी ती बारीक नळी मिस्त्रींनी साफ करत बसण्याऐवजी नवीच घातली. जुन्या तेलानं माखलेले हवेचे पाइप डिझेलनं धुऊन वाळत टाकले होते, दोरीवर कपडे टाकतात तसे. मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. बसवण्याआधी त्यांनी कुपीनं नव्या कोरच्या भोकात तेल सोडलं आणि दांडी बोटानं हळूहळू फिरवली, पुन्हा तेल, पुन्हा फिरवणं. मी विचारलं, इंजिन चालू झाल्यावर तेल येणारच आहे ना.

"येणार. पण यायले थोडा टाइम लागते. त्या टायमात कोरडं फिरायले नको. बाळाले आधी बोटानं मध चाटवतात का नाही, तसं समज."

मग त्यांनी मला फिरवायला दिली. दांडी बोटाला इतकी हलकी लागली की मी फिरवते आहे की तीच फिरते आहे ते कळेना. हलत मात्र ती अजिबात नव्हती. नखाला सुद्धा नाही. मी तसं म्हणाले, तर मिस्त्री म्हणाले, "हलते, हलते. तुले अजून कळत नाही." मी डोळे मिटून पुन्हा पाहिलं. तरी कळलं नाही. अजून एकदा संधी मिळाली तर पाहायचं आहे.

गाडी सुरू झाली, धूर राखाडी झाला आणि मग दिसेनासा झाला. मिस्त्रींनी बाबांना निरोप देताना एवढंच म्हटलं, "भाऊ, मी गाडी सुधरू शकतो. खिंडीत मी नसतो."

दिवाळीच्या सुट्टीसाठी मी बाबांसोबत त्याच जीपमधून घरी आले. मेहकरकडून चढताना जीपनं चढ असा घेतला की मला मागे रेलावं लागलं. माथ्यावर बाबांनी चाबीला हात लावला नाही. समाधीसमोरून आम्ही इंजिनाच्या आवाजात उतरलो. बाबांनी एक हात स्टिअरिंगवरून उचलून कपाळाला लावला, पण त्यांना ते पटलेलं दिसत नव्हतं. दोन दिवस त्यांनी ठेकेदाराचा फोन उचलला नाही. आईनं मला स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "गाडी झाली न दुरुस्त? मग काऊन असे बसून राह्यले?" मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "त्याहीले करमणार नाही त्याच्याबिगर. बसल्या जागी चाबी फिरवतीन ते, पाह्य तू." मलाही तीच भीती होती. इतक्या वर्षांची सवय हाताला असते, ठरवून काय होणार. आणि तसं झालं असतं तर हाही कोर गेला असता, आणि बाबा तंबूत.

गुरुवार आला. जीप पहाटेच भरली. मी पुढे, बाबांच्या शेजारी बसले. मागे सात-आठ बायका, डबे, पिशव्या. सगळ्यात वयस्कर एक आजी माझ्या सीटच्या अगदी मागे बसल्या होत्या. त्या बाबांना एकेरीच हाक मारतात, कारण बाबा त्यांच्या डोळ्यांसमोर लहानाचे मोठे झाले. खिंडीचा चढ सुरू झाला तेव्हा बायकांनी सवयीनं पिशव्या आवरायला घेतल्या, उतरावं लागेल म्हणून. उतरावं लागलं नाही. दुसऱ्या गियरवर जीप वर आली. माथा आला. मागचं बोलणं आपोआप थांबलं. बाबांचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटून चाबीवर गेला. मी पाहिलं. हात तिथेच थांबला, आणि मग बाबांनी डावीकडे स्टिअरिंग वळवून जीप रस्त्याच्या खाली घेतली, समाधीच्या अलीकडे, आणि उभी केली. इंजिन चालूच.

"काय झालं रे?" आजी म्हणाल्या. "परत बिघडली का तुही गाडी?"

"नाही माय. गाडी थंडी होऊ द्यायची हाये जराशी. तवर उतरा, पाया पडून या."

"अन आवाज?"

"दोन मिनिटं हाये आवाज. तेवढं महाराज ऐकून घेतीन."

"तू विचारलं काय महाराजाले?"

"तुम्ही जाऊन विचारा न. तुमचं ऐकतात ते."

बायका हसल्या आणि उतरल्या. बाबा आत बसून राहिले, डोळे आरशात, मागे धूर दिसतो का ते बघत. धूर नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी चाबी फिरवली. मग जी शांतता झाली ती मला माहीत असलेल्या शांततेसारखी नव्हती. टायरचा आवाज नव्हता, ताडपत्रीची फडफड नव्हती. खालच्या कपाशीतून कुणाची तरी बैलांना हाक आली, इतकी स्पष्ट की जणू शेजारीच.

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणीच त्या समाधीजवळ गेलेलं नव्हतं. सगळ्यांनी ती फक्त जाताना पाहिलेली. जवळून पाहिली तर ती वाटली त्यापेक्षा बरीच लहान होती. दगडी चौथरा, त्यावर शेंदराचा नव्हे, चुन्याचा लेप, एका कोपऱ्यात फुटका रांजण आणि त्यात पिंपळाचं रोप. आजींनी डोकं टेकवलं, मग चौथऱ्याभोवती फिरून चारही बाजू पाहिल्या.

"इथं नाव काऊन नाही?" त्यांनी विचारलं. "कोण महाराज हायेत हे?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणालाच सांगता येईना. एकीनं म्हटलं, ते पुण्यवान होते. दुसरी म्हणाली, ते तं सगळेच असतात. आजींनी बाबांना हाक मारली. बाबा खाली उतरून आले.

"उस्ताद नुसतं 'महाराज' म्हणे," बाबा म्हणाले. "नाव त्यानं सांगतलं नाही. म्याबी विचारलं नाही कधी. आपण कुठं थांबत होतो."

आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "इतके वर्ष हात जोडून राह्यलो," त्या म्हणाल्या, "अन नाव नाही माहीत." हे त्या तक्रारीसारखं म्हणाल्या नाहीत. त्यांना त्याचं नवल वाटलं होतं. मग त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि निम्मं पाणी त्या पिंपळाच्या रोपाला घातलं. मी मनात ठरवलं की खिंडीखालच्या वस्तीत कोणाला तरी विचारायचं. पुढे विचारलंही. तिघांनी तीन नावं सांगितली.

बायका गाडीत बसत होत्या तेव्हा बाबांचा फोन वाजला. जालन्याचाच होता, कारण बाबा दोन पावलं बाजूला गेले. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"हाव... नाही, ऐकून घ्या. दुसरा पाहा कोणी. नाही भाऊ, पगाराचं नाही काही... गाडी चढून राह्यली माही." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "आता? आता खिंडीत हाओ. नाही, बंद नाही पडली. थांबलो."

त्यांनी फोन खिशात टाकला, आत बसले आणि चाबी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आजींनी मागून त्यांच्या खांद्यावर बोट ठोकलं.

"पुढच्या गुरुवारीबी थांबजो इथं," त्या म्हणाल्या. "मले तो चौथरा झाडायचा हाये."

बाबांनी मान हलवली आणि गियर टाकला.